काम जूनचं, पैसे नोव्हेंबरचे

नोकरी सोडून मुक्त लेखन करायचं ठरवलं असेल, तर आधी एका बिलाचा प्रवास बघा. ५ जूनला एका कारखान्याच्या कार्यालयातून विचारणा येते. कामगारांसाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची मराठी पुस्तिका हवी आहे, साधारण २४ हजार शब्दांची. नमुना, दर आणि करार यांत २० जून उजाडतो. शब्दाला अडीच रुपये ठरतात, म्हणजे एकूण ६० हजार. रोज दीड हजार शब्द धरले तर लिहायला सोळा दिवस लागतात. १० जुलैच्या आसपास मजकूर जातो.

इथपर्यंतचा हिशेब सगळे करतात. पुढचा बहुतेक कुणी करत नाही. मजकूर आधी सुरक्षा अधिकाऱ्याकडे जातो, मग मनुष्यबळ विभागाकडे, आणि दोघांच्या दुरुस्त्या एकमेकांविरुद्ध असतात. दुरुस्त्या हातात पडतात १० ऑगस्टला, अंतिम मंजुरी ५ सप्टेंबरला. तेव्हा लेखाविभागाच्या लक्षात येतं की तुमची पुरवठादार म्हणून नोंदणीच झालेली नाही. पॅन, रद्द केलेला धनादेश आणि अर्ज असं सगळं घेऊन १५ सप्टेंबरला नोंद होते, त्याच दिवशी बिल लागतं. मुदत ४५ दिवसांची, म्हणजे ३० ऑक्टोबर. पण त्यांच्याकडे पैसे सुटतात दर महिन्याच्या १० तारखेला. १० नोव्हेंबरला खात्यात ५४ हजार येतात. उरलेले ६ हजार कर म्हणून कापलेले असतात, आणि ते परत मिळायचे असतील तर विवरणपत्र भरल्यावर, पुढच्या वर्षी.

यात कुणीही लबाडी केलेली नाही. सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं तरी पाच महिने जातात. म्हणून "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" हा नेहमीचा सल्ला मला अपुरा वाटतो. पहिले दोन महिने कामं मिळवण्यात जातात आणि त्यानंतर हे पाच महिने सुरू होतात. घरात दुसरा पगार नसेल तर नऊ महिन्यांचा खर्च हाताशी हवा, दुसरा पगार असेल तर पाच महिन्यांवर भागू शकतं.

राजीनाम्याआधी

काही गोष्टी पगाराची पावती हातात असेपर्यंतच सोप्या असतात. गृहकर्ज घ्यायचं असेल, क्रेडिट कार्ड हवं असेल, भाड्याचं घर बदलायचं असेल, तर ते आधी उरका. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे बँका साधारण दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, आणि तुमच्याकडे ती नसतात.

कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवसासोबत संपतो. नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाही संरक्षण नसतं, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनामा देण्याआधी लेखी विचारा, कारण त्यात आधी काढलेली प्रतीक्षा धरली जाऊ शकते. आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हा मुद्दा दरापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. चार वर्षं नऊ महिने झाले असतील तर तीन महिने थांबण्यात शहाणपण आहे. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे एकूण पाच वर्षांच्या सेवेआधी काढले तर त्यावर कर लागतो. खात्याला हात न लावणं उत्तम. ते पैसे "भांडवल" म्हणून मोजणाऱ्यांचा पहिल्या मंदीतच घोटाळा होतो.

नोकरीत असतानाच बाहेरची कामं घेऊन बघायची, हा मार्ग चांगला. पण नियुक्तिपत्रातलं दुसऱ्या उत्पन्नाबद्दलचं कलम आधी वाचा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका. त्या ओळीची मालकी कुणाची, हा वाद नंतर उगाच उभा राहतो.

मराठीत पैसे कशाला मिळतात

लेखक व्हायचं म्हणून बाहेर पडलेल्यांच्या डोक्यात कथा, सदर आणि दिवाळी अंक असतो. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ती परंपरा आहे, तिचं मोलही मोठं आहे. पण तिच्यावर घर चालत नाही. अंकांचा मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत गोळा होतो. जाहिरातींचे पैसे दिवाळीनंतर वसूल होतात आणि मानधन त्याच्याही नंतर निघतं. दिवाळी अंकात नाव आलं की इतर कामांसाठी ओळख मिळते, त्याचा उपयोग तेवढाच धरा.

नियमित पैसे मिळतात ते या कामांचे: इंग्रजी किंवा हिंदीतून अनुवाद, ॲप आणि संकेतस्थळांचं स्थानिकीकरण, प्रशिक्षणाच्या व्हिडिओंच्या संहिता, स्वयंसेवी संस्थांची पुस्तिका आणि अहवाल, जाहिरातीचा मजकूर, उपशीर्षकं, डबिंगच्या संहिता, ऑडिओ मालिका, आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली आत्मचरित्रं, गौरवग्रंथ आणि संस्थांच्या स्मरणिका. प्रत्येकाचं माप वेगळं. अनुवाद शब्दावर, उपशीर्षकं व्हिडिओच्या मिनिटावर, स्मरणिका एकरकमी.

उपशीर्षकांत भाषेपेक्षा जागा आधी संपते. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि प्रेक्षकाला तेवढं वाचायला पुरेल इतका वेळ. पात्र जे बोलतं ते सगळं मावत नाही, काय गाळायचं हे ठरवणं म्हणजेच ते काम. डबिंगमध्ये ओठ बघावे लागतात. पडद्यावर ओठ मिटत असतील तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यायला हवं, नाहीतर वाक्य कितीही सुंदर असो, स्टुडिओत बदललं जातं. एका मिनिटाच्या व्हिडिओला पाच मिनिटं लागतील असं धरणारे पहिल्याच आठवड्यात दमतात. नवख्याला तासभराच्या भागाला तीन-चार दिवस सहज लागतात, आणि दर मिनिटावर असल्यामुळे तो तोटा सगळा आपला.

गौरवग्रंथांच्या कामात वेगळा खड्डा असतो. ज्यांच्यावर ग्रंथ, ते खूश असतात. समितीत सात जण असतात आणि प्रत्येकाला आपला उल्लेख वाढवून हवा असतो. दुरुस्त्या सांगणारा माणूस एकच असेल, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

दर कसा काढायचा

"बाजारात काय चाललंय" असं विचारून दर ठरवू नका. बाजारात मराठी शब्दाला रुपयाहून कमी देणारेही आहेत आणि पाच रुपये देणारेही. घरच्या आकड्यापासून सुरुवात करा.

समजा, महिन्याला ४५ हजार हातात हवेत. वर्षाचे ५ लाख ४० हजार. त्यात विमा, व्यवसाय कर, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, सनदी लेखापालाची फी असे ६० हजार घाला. झाले ६ लाख. आता दिवस मोजा. ३६५मधून ५२ रविवार, २० सणवार आणि १० आजारपणाचे काढले की २८३ उरतात. यातले सगळे दिवस पैशाचे नसतात. विचारणांना उत्तरं, नमुने, बैठका, दुरुस्त्या, बिलांचा पाठपुरावा यांत चाळीस टक्के जातात. उरले १७० दिवस. ६ लाख भागिले १७०, म्हणजे दिवसाला साधारण ३,५३० रुपये.

मूळ लेखन दिवसाला दीड हजार शब्द होत असेल तर दर पडतो २ रुपये ३५ पैसे. अनुवाद दिवसाला दोन हजार शब्द होत असेल तर १ रुपया ७६ पैसे. आता कुणी ८० पैसे देऊ म्हणालं, तर दिवसाला १,६०० आणि वर्षाला २ लाख ७२ हजार होतात. हा आकडा समोर असला की "सुरुवातीला कमी घ्या, पुढे वाढवू" या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. ते पुढे वाढवत नाहीत. ज्या दराने तुमची नोंद होते, तोच दर वर्षानुवर्षं राहतो. वाढीव दर नव्या ग्राहकाकडून मिळतो, जुन्याकडून क्वचितच.

अनुवादात आणखी एक मेख आहे: शब्द मोजायचे कुठले, मूळ भाषेतले की मराठीतले? 'इन फ्रंट ऑफ द ओल्ड स्कूल' हे इंग्रजीत सहा शब्द, मराठीत 'जुन्या शाळेसमोर' हे दोनच. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटत असल्यामुळे मराठी मजकुरातली शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा बरीच कमी भरते. म्हणून दर नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर मागा. काम सुरू होण्याआधीच संख्या ठरते आणि नंतर घासाघीस राहत नाही. मराठी शब्दांवर पैसे देणाऱ्याकडे 'त्यासाठी' असं शुद्ध लिहिलं तर एक शब्द, 'त्या साठी' असं चुकीचं लिहिलं तर दोन. शुद्धलेखनाचा असा दंड दुसऱ्या कुठल्या धंद्यात भरावा लागत नसेल.

नमुना आणि फसवणूक

नमुना म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट करून देणं रास्त आहे. दोन हजार शब्दांचा "नमुना" मागणारा बहुधा मोठा मजकूर दहा उमेदवारांत वाटून फुकट करून घेत असतो. ओळखायची खूण म्हणजे मजकुराला सुरुवात किंवा शेवट नसतो, मधलंच प्रकरण असतं.

त्याहून वाईट प्रकार घरबसल्या टंकलेखन किंवा लेखनाच्या जाहिरातींचा. आधी इंटरनेटवरून करारावर सही घेतात, मग काम देतात, आणि शेवटी "अचूकता ९० टक्क्यांखाली आली" म्हणून उलट तुमच्याकडेच दंड मागतात. मागोमाग वकिलाच्या नावाची नोटीस येते. घाबरून पैसे भरू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. काम देण्यासाठी नोंदणी फी मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा.

आपल्या कामांचे पाच-सहा नमुने एका फाइलीत तयार ठेवा, प्रत्येक एक ते दीड पान. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेलं काम त्यात घालता येत नाही. तशी मुभा हवी असेल तर करारात "नमुना म्हणून ५०० शब्दांपर्यंतचा भाग खाजगीत दाखवता येईल" एवढी ओळ घालून घ्या. बहुतेक जण हरकत घेत नाहीत, फक्त आधी विचारायला हवं.

हक्काचा कागद

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुक्त लेखकाला नोकरदारापेक्षा चांगली जागा आहे, पण ती फार जणांना माहीत नसते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची पहिली मालक नोकरी देणारी कंपनी असते. बाहेरून काम घेऊन लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखक. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप जात नाहीत. ते द्यायचे तर कलम १९प्रमाणे लेखी करार लागतो आणि त्यावर लेखकाची सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क संपतो.

म्हणूनच समोरून येणाऱ्या छापील करारात "सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी" अशी ओळ असते. मुदतीची आणि प्रदेशाची पळवाट ती एका फटक्यात बंद करते. पुस्तिका, ॲप, जाहिरात यांसाठी ही ओळ मान्य करायला हरकत नाही. त्या मजकुराचा तुम्हाला दुसरीकडे उपयोग नसतो. कथा, ऑडिओ मालिका, पुस्तक यांच्यासाठी मात्र ही ओळ खोडून तिथे माध्यम आणि मुदत लिहा: "ऑडिओ हक्क, मराठी, पाच वर्षं". अनुवादाचे, नाट्यरूपांतराचे आणि चित्रपटाचे हक्क वेगळे मोजायचे असतात. ऑडिओच्या पैशात चित्रपटाचे हक्क देऊन बसलेले लेखक कमी नाहीत. मजकूर बदलून तुमच्या नावाला बाध आणला तर हरकत घेण्याचा हक्क, कलम ५७चा, सगळे हक्क विकल्यावरही तुमच्याकडे राहतो.

आणखी एक बारीक अट घालायला विसरू नका: हक्क पूर्ण पैसे मिळाल्यानंतरच हस्तांतरित होतील. पैसे अडकले तर हाताशी असलेलं हे मोठं हत्यार.

बाकी करार दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात काम काय, किती शब्द, दर कशावर, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीला वेगळे पैसे, मजकूर मिळाल्यापासून १५ दिवसांत प्रतिक्रिया न आल्यास तो मंजूर समजला जाईल, आणि काम मध्येच थांबवलं तर झालेल्या भागाचे पैसे, एवढं आलं पाहिजे. पंधरा दिवसांची ती अट असती तर सुरुवातीच्या उदाहरणातला ऑगस्ट महिना वाचला असता. मोठ्या कामात तीस टक्के आगाऊ मागा. कंपन्या सहसा नाही म्हणतात, पण व्यक्ती आणि छोट्या संस्था देतात, आणि आगाऊ रक्कम दिलेला माणूस पुढे अचानक गायब होत नाही.

फाइल हातात आल्यावर

पहिला अर्धा तास फाइल तपासण्यात घालवा. मराठी प्रकाशन व्यवहारात श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांमधल्या फाइली अजून फिरतात. त्यांत अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण संकेतांत, नसतात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. रूपांतरकातून युनिकोड केलं की बहुतेक मजकूर नीट येतो, पण ठरावीक जागी हमखास चुकतो: 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा ऱ, 'रु' आणि 'रू' यांतला फरक, 'हृदय'मधला हृ, अवतरणचिन्हं आणि 'ॲ'. शेवटचा तर युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिला जातो. दिसायला तेच असतं, पण शोधा-बदला केलं की निम्मे सापडत नाहीत. म्हणून रूपांतर झाल्यावरचं मुद्रितशोधन वेगळं काम म्हणून लावा, फुकट नको.

उलट बाजूलाही हाच त्रास होतो. तुमचा शुद्ध युनिकोड मजकूर मांडणी करणाऱ्याने इनडिझाइनमध्ये टाकला आणि भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही, तर वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. छापून आल्यावर दोष लेखकाच्या माथी येतो. छपाईआधीची पीडीएफ बघितल्याशिवाय हात झटकू नका.

मग शब्दसूची. ॲपचा किंवा यंत्राच्या पुस्तिकेचा अनुवाद असेल तर पहिल्या दिवशीच तक्ता करा: मूळ शब्द, मराठी शब्द, आणि तिसऱ्या रकान्यात लिंग. 'फाइल' स्त्रीलिंगी, 'पासवर्ड' पुल्लिंगी, 'ॲप' नपुंसकलिंगी. हे तिसरं घर रिकामं राहिलं की चाळीसाव्या पानावर "ॲप उघडला" आणि "ॲप उघडलं" शेजारी शेजारी दिसतात. त्याच तक्त्याच्या डोक्यावर आणखी दोन गोष्टी लिहा: वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण', आणि 'केलं-असतं' की 'केले-असते'. नंतर हे बदलायचं म्हणजे अख्खा मजकूर पुन्हा वाचणं आलं. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये वाढवलेले चार, असे अठरा, हेच प्रमाण धरतात. शासकीय संज्ञांना भाषा संचालनालयाचे कोश आहेत. कोशातला शब्द कामगाराला कळणार नसेल तर मात्र तो वापरू नका. सुरक्षा-पुस्तिकेत 'व्हॉल्व्ह'चा 'झडप' केला आणि कारखान्यात सगळे व्हॉल्व्हच म्हणत असतील, तर ती पुस्तिका धोकादायकच झाली.

अलीकडे बरीच कामं "यंत्राने अनुवाद केलाय, फक्त नजर टाका" अशा रूपात येतात आणि दर तिसऱ्या हिश्शाचा असतो. हे काम घ्यायचं तर आधी दोनशे शब्द घड्याळ लावून करून बघा. यंत्राची मराठी वरवर गुळगुळीत असते, पण 'च्या माध्यमातून', 'द्वारे', 'करण्यात येते' यांनी भरलेली असते. कर्ता हरवलेला असतो आणि एकाच परिच्छेदात 'तू' आणि 'तुम्ही' सापडतात. असा मजकूर सुधारायला नव्याने लिहिण्याच्या ऐंशी टक्के वेळ लागला, तर तिसऱ्या हिश्शाचा दर म्हणजे तोटा. अशा कामाला शब्दावर नको, तासावर दर मागा.

बिल, कर आणि अडकलेले पैसे

मंजुरीची वाट न बघता, काम मिळालं त्याच आठवड्यात पुरवठादार नोंदणीचा अर्ज मागवून भरून टाका. वरच्या उदाहरणातले दहा दिवस इथेच वाचतात. बिलावर क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, ग्राहकाचं कायदेशीर नाव, कामाचं वर्णन, शब्द गुणिले दर, बँकेचा तपशील, आयएफएससी आणि देय तारीख हवी. "३० दिवसांत" असं लिहू नका, "१५ ऑक्टोबरपर्यंत" असं लिहा. कंपनीचं नाव चुकलं, एखादं 'प्रायव्हेट' राहिलं, तरी बिल परत येतं आणि महिना जातो.

व्यावसायिक फीवर दहा टक्के कर कापला जातो. एका ग्राहकाकडून वर्षात ५० हजारांपर्यंतच फी असेल तर कापत नाहीत. पॅन दिला नाही तर वीस टक्के. कापलेला कर आपल्या नावावर जमा झाला की नाही हे २६एएस या जुन्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या पत्रकात दिसतं. काही जण कापतात आणि भरत नाहीत, किंवा चुकीच्या पॅनवर भरतात. तिमाही संपल्यावर एकदा उघडून बघा, वर्षाअखेरीला नको. सध्याच्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे बहुतेक नव्या लेखकांचा कापलेला कर सगळाच परत मिळण्याजोगा असतो. पण विवरणपत्र न भरल्यास तो सरकारकडेच राहतो.

अंदाजित उत्पन्नाची सोय, म्हणजे मिळालेल्या रकमेच्या निम्मा नफा धरून कर भरायचा, ती ४४एडीए या जुन्या कलमक्रमांकाने सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ती ठरावीक व्यवसायांना आहे. चित्रपटाच्या कथा, पटकथा, संवाद आणि गीतं लिहिणारे त्या यादीत स्पष्ट आहेत. अनुवादक किंवा लेख लिहिणारा तसा नाव घेऊन दिलेला नाही, आणि लेखापालांमध्येही यावर दोन मतं आहेत. वर्ष सुरू होतानाच आपल्या लेखापालाचं मत घ्या. एरवी खर्चाच्या पावत्या सांभाळाव्या लागतात, आणि मार्चमध्ये त्या सापडत नाहीत. कापलेला कर वजा करूनही वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला भरायचा असतो.

महाराष्ट्रात एक कर हमखास विसरला जातो: व्यवसाय कर. नोकरीत कंपनी दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापत होती म्हणून तो जाणवत नव्हता. स्वतंत्र झाल्यावर आपली नोंदणी आपण करायची आणि वर्षाला २,५०० भरायचे. वर्षानुवर्षं न भरता राहिलं की व्याज आणि दंडासह एकदम समोर येतं. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण त्या २० लाखांत परदेशी ग्राहकांकडून आलेले पैसेही मोजले जातात.

आता उशीर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, फुकट आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते. त्यासाठी दोन हजार मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला पैसे देईपर्यंत खर्च म्हणून आपल्या करातून वजा करता येत नाही, आणि मार्चमध्ये लेखाविभाग हलतो तो मुख्यतः याच कारणाने. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोंदणी काम घेण्याआधीची असू द्या, नंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलासाठी भांडणं अवघड जातं.

पाठपुराव्याची भाषा साधी ठेवा. देय तारखेआधी तीन दिवस एक आठवण, तारखेनंतर सातव्या दिवशी दुसरी, आणि ती लिखाण देणाऱ्या संपादकाला नाही, लेखाविभागाला. संपादकाकडे पैसे नसतात, त्याला टोचून फक्त पुढचं काम जातं. पंचेचाळीस दिवस उलटले की उद्यम क्रमांक आणि व्याजाचा आकडा घालून एक औपचारिक पत्र. याच कायद्याखालच्या परिषदेकडे तक्रार नेण्याची वेळ क्वचित येते, बहुतेकदा त्या आकड्याने काम होतं.

हे सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये दहा रकान्यांत मावतं: काम, शब्द, दर, मजकूर पाठवल्याची तारीख, मंजुरीची तारीख, बिल क्रमांक, देय तारीख, जमा रक्कम, कापलेला कर, आणि शेवटी '२६एएसमध्ये दिसला का'. त्या शेवटच्या रकान्यात 'हो' पडेपर्यंत ती ओळ मिटवायची नाही.